गोलाच्या कमरेवरचा धागा

१

पत्रात दोनच ओळी होत्या. "आज संध्याकाळच्या अंतिम फेरीचा धागा विषुववृत्त आहे. मास्तरांच्या घरातून तो फुटला आहे." खाली सही नाही, वर तारीख नाही. अक्षरं पट्टी धरून काढल्यासारखी सरळ, म्हणजे कोणाची ते ओळखू येऊ नये अशी.

रेडिओ केंद्राच्या साहेबांनी ते टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. समोर तिघं उभी होती: मास्तर, मास्तरांची सून आणि कुलूपबाई. बसा म्हणायची सवय साहेबांना नव्हती, आणि सांगितलं असतं तरी मास्तर बसले नसते. चार महिन्यांपूर्वी साहेब इथे बदलून आले, त्या दिवसापासून दोघांमधून विस्तव जात नव्हता.

साहेबांचं म्हणणं असं, की सकाळी दहाला दार उघडलं तेव्हा पत्र दाराखालून सरकवलेलं होतं. आता अंतिम फेरी रद्द करण्यावाचून इलाज नाही, आणि खरं सांगायचं तर कार्यक्रमही बंद केलेला बरा.

कार्यक्रमाचं नावच 'धागा'. दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला सहा प्रश्न विचारायचे. एक प्राण्याचा, एक झेंड्याचा, एक भाषेचा, जे सुचेल ते. उत्तरं एकमेकांशी काडीचा संबंध नसल्यासारखी वाटायची. पण नकाशावर ती सगळी एकाच गोष्टीत ओवलेली असायची. कधी एखादी नदी, कधी डोंगररांग, कधी नकाशावरची एखादी रेघ. हा धागा जो आधी ओळखेल तो जिंकला. भूगोलाचे निवृत्त शिक्षक असलेले मास्तर गेली एकोणीस वर्षं एकट्याने प्रश्न काढत होते आणि अकरा वर्षं त्यांची सून ते वाचत होती. ती वाचत असताना मास्तर स्टुडिओच्या काचेपलीकडे बसायचे आणि एखादा उच्चार चुकला की बोटाच्या पेराने काचेवर टकटक करायचे. ऐकणाऱ्यांना ते कळत नसे. सुनेला अकरा वर्षं कळत होतं.

"धागा विषुववृत्तच आहे का, एवढंच सांगा," साहेब म्हणाले.

"धागा सहा वाजता कळेल. त्याआधी मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही."

"मग तो फुटला असं मी धरतो. कार्डं कोणाकोणाच्या हाताला लागतात?"

मास्तरांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. ही बाई अकरा वर्षं त्यांच्याच घरात राहत होती, त्यांना वेळेवर औषध देत होती. त्या नजरेत त्यातलं काहीही नव्हतं.

"माझ्याखेरीज हिच्याच," ते म्हणाले. "आवाज आहे, डोकं नाही. आजपासून हिचा आवाज इथून जाणार नाही. आणि घरात ठेवायची की नाही ते मी संध्याकाळी बघतो."

२

कुलूपबाईंचं खरं काम ध्वनिफितींचं भांडार सांभाळण्याचं. पण केंद्रात जे जे कुलपात असावं लागे ते हळूहळू त्यांच्याच खोलीत येऊन पडलं होतं: कोऱ्या फिती, खोल्यांच्या किल्ल्या, मास्तरांची कार्डं. बाई तोंडाने फटकळ होत्या आणि नोंदीला पक्क्या. टाचणी दिली तरी वहीत लिहायच्या. त्यामुळे त्यांचं कोणाशीच फार जमत नसे.

कार्डांची रीत ठरलेली होती. मंगळवारी मास्तर बंद पाकीट आणून देत. बुधवारी चार ते पाच सूनबाई बाईंच्या समोर बसून परदेशी नावांचे उच्चार पेन्सिलीने कार्डावर खुणावत. पाचला पाकीट पुन्हा चिकटवून कपाटात, ते थेट शुक्रवारी बाहेर निघे. धागा मात्र कोणत्याच कार्डावर लिहिलेला नसे. तो मास्तरांच्या डोक्यात.

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडल्यावर सून जिन्यापाशी थांबली. रडत नव्हती. ओठ घट्ट मिटून कठड्याचा रंग नखाने खरवडत होती. बाईंनी विचारलं, तू केलंस का? तिने नाही म्हटलं. मग तुझा नवरा काय म्हणेल, असं विचारल्यावर ती म्हणाली की तो वडिलांसमोर तोंड उघडत नाही. घर बदलावं लागलं तर सामान मात्र उचलेल.

बाई तिला तिथेच ठेवून मास्तरांच्या मागे गेल्या. म्हातारा बाकावर काठी टेकून बसला होता.

"मास्तर, सुनेवर एवढा आळ घेताय, काही आधार?"

"आधार पत्रातच आहे. लिहिणाऱ्याला धड फोडताही आलेलं नाही. इतकं अडाणी माझ्या ओळखीत एकच माणूस आहे."

बाईंचे कान टवकारले. म्हणजे पत्रातला धागा चुकीचा होता. मास्तरांच्या लक्षात आलं की आपण नको तेवढं बोललो, आणि त्यांनी तोंड फिरवलं.

बाई आपल्या खोलीत परत येतात तोच साहेब दारात उभे. त्यांनी एक डबी पुढे केली. त्यात एक ध्वनिफीत होती. सहा वाजता अंतिम फेरीच्या जागी ही लावायची, त्यांचं निवेदन आहे. आणि उद्यापासून कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे द्यायच्या.

"का?" बाईंनी विचारलं.

"कार्डं तुमच्या कपाटातही होती, बाई."

३

आळ आता आपल्याही दारापर्यंत आला म्हटल्यावर बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत त्यांनी ते पाकीट कधी उघडलं नव्हतं. आज त्यांनी दाराला आतून कडी घातली आणि पाकीट फोडलं.

सहा कार्डं. पुढे प्रश्न, मागे उत्तर. लेमूर हा प्राणी रानात फक्त कोणत्या बेटावर सापडतो? मादागास्कर. पावसाचा थेंब पडायला जिथे वर्षंच्या वर्षं वाट बघावी लागते ते दक्षिण अमेरिकेतलं वाळवंट? अटाकामा. झेंड्याच्या दोन बाजूंना दोन वेगळी चिन्हं असलेला देश? पॅराग्वे. जगातले सर्वांत जास्त पोर्तुगीज बोलणारे कुठे राहतात? ब्राझील. चुन्याशिवाय दगडावर दगड रचून बांधलेल्या जुन्या नगरावरून ज्याने नाव घेतलं तो देश? झिंबाब्वे. आणि रानातला प्लॅटिपस पाहायला कुठे जावं लागेल? ऑस्ट्रेलिया.

बाईंनी भांडारातला मोठा नकाशासंग्रह उघडला. विषुववृत्त ब्राझीलमधून जात होतं, पण बाकीच्या एकातूनही नाही. पहिलंच उत्तर त्या रेघेपासून कितीतरी खाली. कार्डं पाहिलेला माणूस विषुववृत्त म्हणेलच कसा?

मग त्यांना गोल आठवला. मास्तरांच्या खोलीत पृथ्वीचा गोल होता. धागा ठरला की ते लाल लोकर मेणाच्या गोळ्यांनी त्यावर चिकटवत आणि वरून फडकं टाकत. फडकं उचलायचं नाही हा अख्ख्या केंद्राचा अलिखित नियम होता, अर्धा धाकाचा, अर्धा थट्टेचा.

किल्ली घेऊन बाई खोलीत शिरल्या आणि त्यांनी फडकं उचललं. लाल लोकर गोलाच्या ऐन कमरेवर होती. बरोबर विषुववृत्तावर.

क्षणभर त्यांना वाटलं, संपलं. पण त्या खाली वाकल्या, चष्मा वर केला. कमरेच्या बऱ्याच खाली, मकरवृत्ताच्या रेघेवर, मेणाचे बारीक ठिपके ओळीने राहिले होते. मादागास्करवर एक. ऑस्ट्रेलियावर एक. पॅराग्वेवर एक.

धागा कोणीतरी हलवला होता.

४

सफाईच्या मावशींनी खरं सांगायला फार वेळ घेतला नाही. गुरुवारी मास्तर येणार नव्हते, दाढ काढायची होती, म्हणून त्यांनी खोली धुऊन काढली. गोल पुसताना लोकर निघून आली. मग त्यांनी ती मेण दाबून परत लावली.

"पण कमरेवर का लावली?"

"मग कुठे लावू? करगोटा काय गुडघ्याला बांधतात?" मावशी म्हणाल्या. "फडकंपण मळलं होतं. साडेनऊला धुतलं, दोनला वाळलं, मग घातलं."

म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने कार्डं पाहिली नव्हती. त्याने गोल पाहिला होता, तोही मावशींनी सजवलेला, गुरुवारी. बाईंनी वही उघडली. गुरुवारी त्या खोलीची किल्ली मावशींखेरीज दोघांनी नेली होती. बारा वाजता साहेब. चार वाजता दंतवैद्य.

दंतवैद्य म्हणजे आजच्या अंतिम फेरीतला एक स्पर्धक. गुरुवारी आवाजाच्या चाचणीसाठी त्याला बोलावलं होतं आणि बाहेर जागा नव्हती म्हणून मास्तरांच्या खोलीत बसवलं होतं. बाईंनी त्याच्या दवाखान्यात फोन लावला. तो आधीच चिडलेला होता, कारण फेरी रद्द झाल्याची बातमी त्याच्या कानावर गेली होती. सकाळी याच मास्तरांची दाढ उपटली आणि संध्याकाळी यांच्याच गोलावरचं फडकं उचलू, असं तुम्हाला वाटतं का, असं त्याने विचारलं. आणि उचललं असतं तर आपण पत्र कशाला लिहिलं असतं, गुपचूप येऊन जिंकलो नसतो का?

माणूस उद्धट होता, पण बोलला ते बिनतोड होतं.

राहिले साहेब. बाई त्यांच्याकडे साळसूद चेहऱ्याने गेल्या. वहीत नोंद अर्धवट आहे, गुरुवारी किल्ली कशासाठी नेली होती? साहेब म्हणाले, खोलीची मापं घ्यायला. कार्यक्रम बंद झाला की ती खोली दुसऱ्या कामाला घ्यायची आहे.

"तो गोल आधी भंगारात काढा," ते म्हणाले. "समुद्राचा रंगसुद्धा उडालाय."

बाईंनी वहीत 'मापं' एवढंच लिहिलं. समुद्राचा रंग उडालाय हे फडक्यावरून दिसत नाही. ज्याने गोल उघडा पाहिला त्यालाच ते ठाऊक. पण नुसतं पाहणं म्हणजे पत्र लिहिणं नव्हे, साहेब हात झटकून मोकळे झाले असते. घड्याळात चार वाजत आले होते.

५

खोलीत येऊन त्यांनी कोऱ्या फितींची वही काढली आणि एका नोंदीवर त्यांचं बोट थांबलं. साहेब, एक फीत, गुरुवार, अडीच वाजता.

त्यांनी साहेबांनी दिलेल्या डबीवरचा क्रमांक पाहिला. तोच होता. फीत यंत्रावर चढवून त्यांनी कानांना हेडफोन लावले. साहेबांचा आवाज, घसा खाकरून: "प्रश्नांची गुप्तता भंग पावल्याचं आज सकाळी उघड झाल्याने अंतिम फेरी रद्द करण्यात येत आहे..."

बाईंनी पहिल्यांदा शब्द ऐकले. दुसऱ्यांदा शब्द सोडून बाकीचं ऐकलं. सत्तावीस वर्षं फिती ऐकून त्यांचे कान तसे तयार झाले होते. आवाजाच्या मागे, कुठल्यातरी लांबच्या जिन्यात, घंटा वाजत होती. बारीक, सलग, अर्धा मिनिट.

त्यांनी फीत उतरवली आणि पुन्हा कार्डं हातात घेतली, कारण अजून एक गोष्ट राहिली होती. साहेब अडकले तरी म्हातारा म्हणणार, पत्र साहेबांचं असेल, पण माहिती माझ्या घरातूनच गेली. कार्डांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या, कुठे श्वास घ्यायचा, कुठे जोर द्यायचा. पाचव्या कार्डाच्या मागे, झिंबाब्वेच्या खाली, त्याच पेन्सिलीने अगदी बारीक काहीतरी लिहिलेलं होतं. मघाशी घाईत ते नजरेतून सुटलं होतं.

बाईंनी ते वाचलं आणि नकाशासंग्रह पुन्हा ओढला. बराच वेळ त्या नकाशावर बोट ठेवून बसल्या. मग त्यांनी सुनेला आत बोलावलं.

"हे तू लिहिलंस?"

सुनेचा चेहरा उतरला. "बाई, हे मामंजींना दाखवू नका," ती म्हणाली. "मला घराबाहेर काढलं तरी चालेल, पण हे दाखवू नका. ते मोडून पडतील."

६

पाचला सगळे पुन्हा साहेबांच्या खोलीत उभे राहिले. या वेळी बाईंनी यंत्र सोबत आणलं होतं. फीत लावून त्यांनी आवाज वाढवला आणि घंटा सुरू झाली तशी बोट वर केलं.

"ही आगीच्या घंटेची चाचणी. दर गुरुवारी तीनला. म्हणून त्या वेळेत इथे कोणी ध्वनिमुद्रण करत नाही. साहेब नवीन आहेत, शिवाय दार लावून बसले असतील. माणसाच्या कानाला एवढं लागत नाही, माइकला लागतं."

मग बाईंनी पुढचं सांगितलं. पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं आणि त्याबद्दलचं निवेदन गुरुवारी दुपारी तीनला रेकॉर्ड झालं. बारा वाजता साहेबांनी उघडा गोल पाहिला, मावशींनी चुकीच्या जागी बांधलेला धागा त्यांनी खरा मानला, आणि अडीचला येऊन फीत नेली.

साहेबांनी आधी हा आवाज दुसऱ्या कुठल्या घंटेचा असेल म्हणून पाहिलं. मग त्यांचा चेहरा बदलला आणि जे पोटात होतं ते बाहेर आलं. "पहिल्या दिवशी मी भाषण करत होतो," ते मास्तरांकडे बघत म्हणाले. "माझं पहिलं भाषण. हा माणूस काचेपलीकडे बसून तीनदा टकटक करत होता. सगळे हसत होते."

"उच्चार चुकले होते," मास्तर म्हणाले.

त्यांच्या आवाजात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता. सुनेकडे तर त्यांनी बघितलंही नाही. साहेब खोटे ठरले तरी, ते म्हणाले, घरच्या माणसाने बाहेर काही बोललं नसेल हे सिद्ध झालेलं नाही. डोकं नसलेल्या माणसाचा भरवसा धरता येत नाही.

बाईंनी सुनेकडे पाहिलं. तिने मान हलवून नको म्हटलं. बाईंनी पाचवं कार्ड काढून मास्तरांपुढे ठेवलं, पाठ वर करून.

पेन्सिलीने लिहिलं होतं: "मकरवृत्त इथून जात नाही. त्याआधीच लिंपोपो नदीवर देशाची सीमा संपते. साधारण एक अंश वर. विचारू का?"

मास्तरांनी भिंग मागितलं. नकाशासंग्रह मागितला. एक अंश म्हणजे त्यांच्या गोलावर लोकरीच्या जाडीएवढं अंतर. एकोणीस वर्षं ज्याने दुसऱ्यांचे उच्चार धरले, त्याने नकाशा न उघडता लोकरीवर विश्वास ठेवला होता. आणि जिला डोकं नव्हतं तिने कुठेही न लिहिलेला धागा सहा उत्तरांवरून ओळखला होता. मकरवृत्त ठाऊक असलेल्या बाईने बाहेर विषुववृत्त सांगणं शक्य नव्हतं.

"हे कधीचं?" त्यांनी विचारलं.

"बुधवारचं. चार ते पाच, माझ्यासमोर. वहीत आहे."

मास्तरांनी कार्ड उचललं, काठी घेतली आणि ते निघून गेले. सहाला पंचवीस मिनिटं होती. फेरी होणार की नाही, हे आता साहेबांच्या हातात राहिलं नव्हतं.

७

सहाला दिवा लाल झाला. काचेच्या आत एका बाजूला दंतवैद्य, दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीची विजेती शिंपीणकाकू, मध्ये सून. काचेबाहेर मास्तर त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत आणि त्यांच्या मागे कुलूपबाई. सासऱ्या-सुनेने एकमेकांकडे पाहिलं नव्हतं.

चार प्रश्न नीट पार पडले. पाचवं कार्ड उचलल्यावर सून थबकली. ते नवं कार्ड होतं, मास्तरांच्या हातचं, शाई अजून ताजी.

"पाचवा प्रश्न रद्द करण्यात येत आहे," तिने वाचलं. "त्यात प्रश्नकर्त्याची चूक होती."

ती थांबली. कार्ड खाली ठेवून तिने सहावं घेतलं.

काचेवर टकटक झाली. सवयीने ती दचकली. कोणता शब्द चुकला ते तिला कळेना. मास्तरांनी बोटाने खाली ठेवलेल्या कार्डाकडे खूण केली; त्यावर अजून ओळी होत्या. तिने नको म्हणून मान हलवली. त्यांनी पुन्हा टकटक केली, जोराने. या वेळी ती श्रोत्यांनाही ऐकू गेली असावी.

तिने पाचवं कार्ड परत उचललं.

"ही चूक निवेदिकेने बुधवारीच पकडली होती," तिने वाचलं. "प्रश्नकर्त्याला सांगायची तिला भीती वाटली. भीती वाटण्याजोगंच त्याचं वागणं होतं."

आवाज फक्त शेवटच्या शब्दाला हलला. मग तिने सहावा प्रश्न विचारला, दंतवैद्याने ऑस्ट्रेलिया म्हटलं, आणि तो पुढे काही बोलायच्या आत शिंपीणकाकूने घंटी दाबून मकरवृत्त सांगितलं. मास्तरांचं पेर काचेला टेकलेलंच होतं, पण पुन्हा वाजलं नाही.

दिवा विझल्यावर मास्तर उठले. कार्डं नेहमीसारखी कुलपात ठेवायला त्यांनी बाईंकडे दिली. जुनं पाचवं कार्ड मात्र वेगळं काढून दिलं.

"हे तिला द्या," ते म्हणाले.

"तुम्हीच द्या की."

त्यांनी नाही म्हटलं आणि जिन्याकडे निघाले. बाईंनी कार्ड उलटून पाहिलं. पेन्सिलीतल्या 'विचारू का?'च्या खाली त्यांनी वह्या तपासायच्या लाल शाईने लिहिलं होतं: 'विचारायला हवं होतंस. मी ऐकलं नसतं, तरीही.'

सुनेने ते उभ्या उभ्या दोनदा वाचलं आणि पर्समध्ये टाकलं. मास्तर खाली फाटकापाशी तिच्यासाठी थांबले होते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच थांबले होते. ती त्यांच्या शेजारून पुढे गेली आणि न थांबता, एकटीच घरी निघाली.